खुटीले पाला

हॅलो? हॅलो… श्रावण? हां, शीलाताई बोलून राह्यली. कवाची फोन लावून राह्यली मी, उचलत काहून नाही?… मिस्त्री आला होता. बरं. मिस्त्री त रोजच येते. ऐक आधी माह्यं.

नाही, नाही, तब्येत बरी हाय सगळ्याइची. काड्या जळल्या रे… अरे काड्या. आईच्या द्राक्षाच्या वेलाच्या. संक्रांतीले महागावले आलती तवा कापून नाही का आणल्या इकडे राळेगावले, तूच त पिशवी धरून उभा होता… हो, त्याच. जळल्या म्हणजे उन्हानं नाही. चुलीत.

चुलीत. आत्याबाईनं घातल्या.

अरे हासू नको. माह्या सासूचं तुले हासू येते, माह्या जिवाचं काय. ओल्या पोत्यात गुंडाळून न्हाणीजवळ ठेवल्या होत्या मी. बुडाले फुगवटा आला का मग मातीत लावा, असं तो नर्सरीवाला म्हणे. आत्याबाईनं पोतं पाह्यलं ओलं, म्हणे सुनबाईची पऱ्हाटी भिजली, कापसाच्या काड्या समजल्या त्या. काढली, उन्हात वाळू घातली, अन आज सकाळी पाणी तापवलं… हो, माह्याच आंघोळीचं. मी आपलं चांगलं गंजभर पाणी घेतलं अंगावर. वरतून आत्याबाई म्हणते, यंदाची पऱ्हाटी बम्म पेटते वो.

काय बोलू मी त्याइले? जनम गेला बाईचा पऱ्हाट्या जाळण्यात. खरं सांगू त वाळल्यावर मलेही ओळखू नसती आली. पण राग त येतेच ना.

पहिल्या?… पहिल्या खेपेच्या त कवाच गेल्या. त्या तुह्या भाऊजीनं लावल्या, तेलाच्या डब्यात. उलट्या… अरे काडीवर डोळा असते ना, जिथून कोंब निघते, तो वर पाहाले पायजे. ह्याइनं सगळ्याइले डोकं खाली, पाय वर केलं. एक चुकून सुलटी लागली, तिले पानं फुटले. त हे रोज उपटून पाहे, मूळ आलं का म्हणून. मी म्हणलं, अहो पान आधी येते, मूळ मागून येते, हालवलं का गेलं. त म्हणे पाह्यल्याशिवाय कसं समजन. गेली थेही.

म्हणून म्हणून राह्यली, अखीन काही काड्या काप अन यवतमाळच्या गाडीत देऊन दे कोणापाशी. उन्ह तापलं, आता कापाचे दिवस सरून…

काय?

पुन्हा सांग.

वेल तोडला? कवा?… अन मले सांगतलं नाही तू. सख्खा भाऊ असून… हो, कंपाउंडच्या पायव्यात येत होता. समजलं, पायव्यात येत होता. मग फोन नाही करता येत?… नाही रडून राह्यली मी. अन राह्यली असन त राह्यली.

आंबट होते त आंबट होते. माहीत हाय मले, कोणी खात नोतं. आईच तेवढी चटणी वाटे त्याची, अन येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून दाखवे, पाहा म्हणे, माह्या दारात द्राक्षं… बजारातले गोड घेऊन खाय, हे मले नको सांगू. मले द्राक्षं नाही पायजे, श्रावण. मले आईचा वेल पायजे. मागच्या साली आई गेली तवा मी तिचं लुगडं नाही मागतलं, डोरलं नाही मागतलं. काडी मागतली फक्त.

हं… बोल ना, ऐकून राह्यली… थे राहू दे, फांद्याचं काय केलं थे सांग. फेकल्या. बरं… खुट्या? कायच्या खुट्या?… कंपाउंडची लाइन आखाले. वा. मिस्त्रीले साऱ्या गावात तोच वेल भेटला.

ठेव आता फोन, डोकं दुखून राह्यलं माह्यं… कोणाची बकरी? शेजारच्या रामसिंगभाऊची? मग हाकल ना, मले काय सांगतं… रोज येते अन खुटी हालवते. खुटीपाशी काय हाय तिचं?

थांब. थांब, श्रावण. बकरी वाळली खुटी कायले खाईन रे?… पाला? खुटीले कायचा पाला?… अरे तुले दिसते, अन तू बकरीचं गाऱ्हाणं सांगून राह्यला? कोणत्या खुटीले?… नळाजवळच्या. तिथं सिमेंटवर पाणी मारता तुम्ही, थेच वाहून जात असन… एकीलेच. बाकीच्या उलट्या ठोकल्या असतीन मिस्त्रीनं. तुह्या भाऊजीचाच भाऊ दिसते.

हो, हो… अरे ऐक ना. टोपलं पालथं घाल तिच्यावर, वर दगड ठेव. बकरीले बांधाले सांग. अन उपटू नको. पान दिसलं म्हणजे मूळ आलंच असं नाही, अन आलं असन त शेवईवानी नाजूक असते. हात नाही लावाचा. मी उद्याच्या पहिल्या गाडीनं येऊन राह्यली. भिंतीचं काम राहू दे तवरिक… बोंबलन त बोंबलू दे मिस्त्रीले. भिंत वाकडी घे म्हणा तिथून.

श्रावण? कुठं गेला?… व्हिडिओ कायले, तसंच सांग ना… बरं, लाव… हां, दिसून राह्यलं. थो नळ. टोपलं कुठं हाय?… अन खुटी?

श्रावण, खुटी तुह्या हातात काहून हाय?

मी इकडे बोलून राह्यली, अन तिकडे तू उपटली… पाहाले. हो, पाहाले. सगळे पाहालेच उपटता… गप राह्य. मोबाइल जवळ घे. अखीन जवळ. थे खाली पांढरं काय लोंबून राह्यलं?

मुळं होय रे. मुळंच होय.

अरे… रडू नको. मोबाइल हालते, मले दिसत नाही… मलेही येते तिची आठवण. ऐक, आईची थे फुटकी बादली हाय ना, न्हाणीतली? तिच्यात माती भर अन उभी कर. डोळे वर. सावलीत ठेव, पाणी जराकसंच टाक. अन आता तिले कोणी हात लावला त माह्याशी गाठ हाय.

काय?… लाइनले दुसरी खुटी? पऱ्हाटीची ठोक. पण पऱ्हाटीचीच हाय का, थे नीट पाहून घेजो… हो. ठेव आता, बादली घे आधी.

आत्याबाई… थांबा, थांबा. चुलीत काय घालून राह्यल्या?