सेगेदची चाळणी

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी बॉयॉ गावच्या मासळीबाजारात एतेल्का रांगेत उभी होती. पुढचे बहीणभाऊ हळू आवाजात भांडत होते, पण तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बाबांनी त्या सेगेदच्या बाईला उद्या जेवायला बोलावलंय. म्हणे माशाचं कालवण तीच करणार."

"करू दे की, ताई."

"करू दे? तिकडे मासा शिजवून चाळणीतून गाळतात, अंब्रुश. आपल्या कालवणात शेवया असतात. आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही."

"बाबांना गाळलेलंच झेपतं."

"गेल्या नाताळला कसं झेपलं?"

"आईनं एकेक काटा काढून दिला. त्यांचा हात किती थरथरतो, पाहिलायस कधी?"

"मग उद्या मी काढीन."

"वर्षभरात एकदा तरी काढलास?"

"ती आली तर मी पानावर बसणार नाही."

"तसं बाबांना सांग."

"तू सांग. तुझी त्यांच्याशी फार गट्टी आहे ना."

दोघांचा मासा तोलून झाला. ताई पिशवी बांधू लागली, तोवर मासेवाल्यानं एतेल्काला विचारलं, "कालवणासाठी ना? बॉयॉचं की सेगेदचं?"

"मी सेगेदची. दोन किलो कार्प द्या. आणि तुमच्या त्या बारीक शेवयांचं एक पाकीट."

पिशवी बांधणारे हात थांबले.

एतेल्का ताईकडे वळली. "शेवया वेगळ्या शिजवायच्या ना?"

"वेगळ्याच," ताई म्हणाली. मग पिशवीची गाठ करकचून आवळत म्हणाली, "चाळणी तुमची आणा. आमच्या घरात नाही."