शेंगांची पिशवी

तुमी हिमालयात गाड्या घेऊन निघालाय, तर एक ऐका, गावात कुणाला सांगू नका.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. आमी चार दोस्त, दोन मोटारसायकली, कुंडलहून थेट काश्मीर ठरलं. रस्ता विचारायला मिलिटरीतनं रिटायर झालेल्या सुभेदारकाकांकडं गेलो. काकांनी रस्ता सांगितला आन चिवड्याचा डबा हातात दिला. "आमचा बाळू तिकडंच हाय. जाता जाता दे."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग. घरटी एक पोरगा फौजेत. लाडू आले, लोणचं आलं, घोंगडी आली. पारूमावशी शेंगांची पिशवी घेऊन आली.

"आवं मावशी, पोरगा कुठं असतो?"

"आसामात. दोन वर्सं झाली, आला न्हाई."

"आमी काश्मीरला चाललोय."

"मग? तिथंबी डोंगरच हायत म्हणं."

न्हाई म्हणवंना. सामान बांधून बघितलं, तर गाडीवर बसायला जागा उरंना. सुट्टीवरनं परत निघालेल्या जवानांबरोबर बाकीचं धाडलं. आसामचा मातूर कुणी घावंना.

मग काय, गाड्या घरी ठेवल्या आन मिरजेत रेल्वेत बसलो, चौघं.

काश्मीर मी अजून बघितलं न्हाई. पण आसामात त्या पोरानं पिशवी उघडून आधी नुसता वास घेतला, ते बघितलंय.