एकशे त्रेचाळीस वेळा

बाई : आणि सातव्या पायरीत तुम्ही म्हणता, बोर्डातलं मेमरी कार्ड काढून घ्या. आठवीत म्हणता, कार्ड काढण्यापूर्वी वीज बंद करायला विसरू नका. माणूस ओळीने वाचत जातो हो. आठवीपर्यंत पोहोचेतो त्याचं कार्ड कामातून गेलेलं असतं. सरावाला आणलेलं माझं गेलं.

मेकॅनिक : माझं चुकलं. सहा वर्षं ती टिपणं इंटरनेटवर आहेत, पण कुणी बोललं नाही.

बाई : लोक चूक मनातल्या मनात दुरुस्त करतात आणि पुढे जातात. मी तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, मला तसं पुढे जाता येत नाही. एकूण चौदा निघाल्या. कागदावर लिहून आणल्यात.

मेकॅनिक : बसा ना काकू. थांबा, स्टुलावरचा पसारा उचलतो. खरं सांगू का, टिपणं वाचून थेट घरी आलेल्या तुम्हीच पहिल्या. पत्ता कुठून मिळाला?

बाई : तुमच्याच पानावर. जुने बोर्ड फेकू नका, इथे आणून द्या, असं खाली लिहिलंय.

मेकॅनिक : हो, ते आहे खरं. मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो. घरी आलो की हे बोर्ड, म्हणजे बिस्किटाएवढे संगणकच, घेऊन बसतो. त्यांच्यावर सगळ्यांना खुली असलेली, फुकटातली सिस्टिम चढवायची आणि कशी चढवली ते बारीकसारीक लिहून ठेवायचं, एवढाच नाद. बायको पाहुण्यांना सांगते, आमच्या यांना दोन संसार आहेत. पण तुम्ही, म्हणजे या वयात हे कशासाठी शिकताय?

बाई : माझ्या घरात पाच बोर्ड आहेत. ते मी लावलेले नाहीत. मुलाने लावलेत. तो परदेशात असतो. तुम्ही त्याला ओळखता, गेले आठ महिने तो तुमच्या पानावर तुम्हाला प्रश्न विचारतोय. दार उघडलं की फोनवर मेसेज कसा येईल. खोलीत वीस मिनिटं हालचाल नसेल तर इशारा कसा मिळेल. फ्रिज उघडल्याची नोंद कशी ठेवायची.

मेकॅनिक : अरे, म्हणजे शंकासुर? माफ करा हं, मी त्याला मनात शंकासुर म्हणतो. एवढे प्रश्न दुसऱ्या कुणी विचारले नाहीत. पण माणूस फार चांगला, प्रत्येक उत्तराला आभार मानतो. आईसाठी करतोय म्हणाला होता. मला फार बरं वाटलं होतं हो.

बाई : वाटणारच. त्याने तुमची टिपणं छापून फडताळात ठेवली होती. जाताना न्यायची विसरला, म्हणून माझ्या हाती लागली.

मेकॅनिक : तुम्हाला विचारूनच लावलेत ना त्याने?

बाई : मी पडले होते. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा खिळे ठोकून झाले होते. त्या वेळी मीच म्हणाले, बरं झालं बाबा. आता सकाळी दूध काढायला फ्रिज उघडते, तर फोन येतो, आज उशिरा का उठलीस. न्हाणीघरात जरा निवांत बसावं म्हटलं, तर फोन. मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जायचे मी दर बुधवारी. उंबरा ओलांडला की फोन, कुठे, कशी, किती वाजता परत. मैत्रीण एकदा हसली. मी जायचं बंद केलं. कारण काढायला नको, खोटं बोलायला नको. आता मी बहुतेक वेळ पलंगावर बसून असते. बोर्डाला वाटतं, झोपले आहे. तुमच्या सगळ्या पायऱ्या मी पलंगावरच केल्या.

मेकॅनिक : आणि आज कशा आलात?

बाई : डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं. बघा, एकाहत्तराव्या वर्षी थापा मारायला शिकले.

मेकॅनिक : त्याच्याशी बोलून पाहिलंत का?

बाई : तीनदा. पहिल्यांदा म्हणाला, सवय होईल. दुसऱ्यांदा म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी आहे ना. तिसऱ्यांदा रडला. मग मी विषय काढला नाही. मला फक्त बारावी पायरी समजावून द्या. सगळ्यांच्या नोंदी जमवणारा मधला बोर्ड पुसून त्याच्यावर कोरी सिस्टिम चढवायची, म्हणजे बाकीचे चार आपोआप मुके होतात, बरोबर ना? अकरापर्यंत माझं मला जमलंय. बाराव्या पायरीत तुम्ही लिहिलंय, आता नेहमीप्रमाणे पुढे जा. नेहमीप्रमाणे म्हणजे काय, ते कुठेच नाही.

मेकॅनिक : ती पंधरावी चूक धरा. पण काकू, पडलात तेव्हा किती वेळ तशाच होतात?

बाई : चार तास.

मेकॅनिक : मग मी हे कसं सांगू? लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोनवर मी पहिलं वाक्य बोलतो, आतून दार ओढू नका. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असेल तर माणूस फटीतून खाली जातो.

बाई : आणि ते ऐकतात?

मेकॅनिक : ऐकतात. मी निघालोय हे त्यांना माहीत असतं.

बाई : माझ्याकडे कोण निघालंय?

मेकॅनिक : ...एक मिनिट. संगणकावर मेसेज आलाय. काकू, हा त्याचाच आहे.

बाई : वाचा.

मेकॅनिक : नको, तुम्ही...

बाई : माझा चष्मा पिशवीत आहे. वाचा तुम्ही.

मेकॅनिक : म्हणतो, दादा, पुन्हा त्रास देतोय. आई आज एकटी बाहेर गेली आहे. जिवात जीव नाही. पर्सच्या अस्तरात मावेल असा एखादा बोर्ड आहे का, जो ती कुठे आहे ते कळवत राहील? तिला कळता कामा नये, वाईट वाटेल तिला. चार्जिंगचं काय करावं, तेही सुचवा.

बाई : चार्जिंगचं.

मेकॅनिक : मी याला काय लिहू?

बाई : काही लिहू नका. हे घ्या, हे कार्ड लावा तुमच्या संगणकाला. मधल्या बोर्डाच्या कार्डाची नक्कल आहे. दहावी पायरी, काहीही पुसण्याआधी नक्कल करून ठेवा. परवा इमारतीची वीज गेली तेव्हा मूळ कार्ड काढलं, जुन्या लॅपटॉपवर नक्कल केली आणि पुन्हा जागेवर बसवलं. तेवढ्यात त्याचे तीन फोन येऊन गेले. माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते मला बघायचंय. मला त्या फायली उघडता आल्या नाहीत.

मेकॅनिक : बघू... ही एक. सात वाजून बारा, स्वयंपाकघर, हालचाल. सात चौदा, फ्रिज. सात चाळीस, न्हाणीघर. पुढे सगळं असंच.

बाई : माझा दिवस एवढासाच दिसतो?

मेकॅनिक : आणि ही दुसरी फाइल माझ्या टिपणांमुळे आपोआप तयार झालीय. या नोंदी फोनवर दिसतात ते पान कुणी, कधी उघडून बघितलं त्याची नोंद. ही असते हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.

बाई : कुणी बघितलं?

मेकॅनिक : एकच फोन आहे. त्याचाच. परवाच्या आदल्या दिवशी, थांबा, मोजायला सांगतो. एकशे त्रेचाळीस वेळा.

बाई : आठवड्यात?

मेकॅनिक : एका दिवसात. त्याच्या आदल्या दिवशी एकशे अडतीस. एकशे एक्कावन्न. खाली खाली बघा, एकही दिवस शंभराच्या आत नाही.

बाई : या वेळा इथल्या आहेत का?

मेकॅनिक : इथल्या. तिथलं घड्याळ किती मागे आहे?

बाई : म्हणजे ही त्याची झोपायची वेळ. ही जेवायची. ही कामाची. अहो, यात कुठेच खंड नाही.

मेकॅनिक : सगळ्यात मोठा चाळीस मिनिटांचा आहे.

बाई : मला वाटत होतं, मेसेज आला तरच तो बघतो. तो नुसता बघतच बसलाय. फोन लावते. मला ऐकू कमी येतं, मोठ्या आवाजावर ठेवते. तुम्ही उठू नका, बसा इथेच.

(पहिल्याच घंटीला फोन उचलला जातो.)

मुलगा : आई? काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?

बाई : काही झालेलं नाही. मी डॉक्टरकडे नाहीये. तुझ्या त्या टिपणंवाल्या मेकॅनिककडे बसले आहे. तेही ऐकतायत.

मुलगा : तिथे कशाला?

बाई : तुझा बोर्ड पुसायला शिकायला आले होते.

मुलगा : आई, ते तुला नाही जमणार.

बाई : बारापैकी अकरा पायऱ्या जमल्यात. एका दिवसात ते पान तू एकशे त्रेचाळीस वेळा उघडलंस.

मुलगा : एवढ्या वेळा नसेल.

बाई : समोर लिहिलंय. झोपतोस कधी तू?

मुलगा : झोपतो गं. मध्ये जाग येते, तेव्हा बघतो. स्वयंपाकघर हिरवं दिसलं, तू तिथे वावरतेयस म्हटलं, की बरं वाटतं. पाच मिनिटं.

बाई : आणि मग?

मुलगा : मग पुन्हा वाटतं, ते पाच मिनिटांपूर्वीचं आहे.

बाई : असं कधीपासून चाललंय?

मुलगा : तू पडलीस त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता.

बाई : मला आठवत नाही.

मुलगा : तुझ्याकडचे सव्वाआठ. मी कापला. कामात नव्हतो, आई. सगळ्यांना मी कामात होतो म्हणून सांगितलं. नुसता सोफ्यावर बसलो होतो. म्हटलं, आता अर्धा तास जाईल, उद्या करू. साडेनऊला तू पडलीस. शेजारच्या काकूंना दीड वाजता कळलं.

बाई : अरे, तू उचलला असतास तरी मी पडलेच असते. फरशी ओली होती.

मुलगा : माहीत आहे. हीसुद्धा तेच म्हणते. मला कळतं सगळं, पण हात जातो. गेल्या रविवारी फोन कपाटात ठेवून बघितला. मुलीला गोष्ट वाचून दाखवत होतो. वीस मिनिटं निघाली. काय वाचलं ते एक अक्षर आठवत नाही. तीच म्हणाली, बाबा, तू तेच पान पुन्हा वाचतोयस.

बाई : हे मला सांगायचं नाहीस?

मुलगा : तुला काय सांगू? तुझी काळजी घ्यायला मी ते लावलंय ना.

बाई : मी बोर्ड पुसला तर तुझं काय होईल?

मुलगा : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, आई.

बाई : बरं. नाही पुसत.

मुलगा : नक्की?

बाई : नक्की. पण न्हाणीघरातला काढायला सांग कुणाला तरी.

मुलगा : तो नको. तिथेच तर तू...

बाई : मग दाराचा.

मुलगा : दाराचा काढून बघतो.

बाई : बघतो नाही.

मुलगा : आठवडाभर. आठवडाभर बंद ठेवतो. मग बोलू आपण. रागावू नकोस ना.

बाई : मी रागावलेली नाही. पण पर्समध्ये काही लावायचं नाही.

मुलगा : दादांनी सांगितलं तुला?

मेकॅनिक : त्यांच्यासमोरच आला तुमचा मेसेज. मला उत्तर देता येणार नाही. यापुढचीही नाही देणार. ते दाराचं मात्र दोन ओळींचं काम आहे. आत्ता लिहून पाठवतो.

मुलगा : हं. आई, आता सरळ घरी जाशील ना?

बाई : नाही. तळ्यावरून जाईन. तिथे बसून आठ महिने झाले.

मुलगा : किती वेळ बसशील?

बाई : ते ठरवलेलं नाही.

मुलगा : अंदाजे?

बाई : अंदाजेही नाही.

मुलगा : ...बरं.

बाई : ठेवते. तू आता थोडं झोप.

मेकॅनिक : पाणी देऊ का, काकू?

बाई : द्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात असं एकदा झालं होतं. पुस्तक छापून आलं आणि मग चूक दिसली. सगळ्या प्रतींमध्ये. काही करता येत नाही.

मेकॅनिक : आठवडा तर मिळाला.

बाई : आठव्या दिवशी सकाळी तो परत चालू करेल. आणि मी करू देईन. त्याला तिकडे तसा जागा ठेवून मला तळ्यावर बसता येईल, असं वाटतं तुम्हाला?

मेकॅनिक : नाही.

बाई : मलाही नाही. तरी जाते आज. तो चुकांचा कागद राहू द्या तुमच्याकडे.

मेकॅनिक : आज संध्याकाळीच सगळ्या दुरुस्त करतो. चला, खाली सोडतो, जिन्यात दिवा नाही. कठडा धरून सावकाश उतरा. आणि काकू, घरी पोहोचलात की मला एक फोन करा.

बाई : ...करते.