विळा मीच मागितला

मी रत्नप्रभा बुधाजी रोकडे, वय ६३, निवृत्त परिचारिका, शिक्षण कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये, राहणार टोकावडे, ता. मुरबाड. आज १३ डिसेंबर २००४ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

माझी भाची पौर्णिमा हिला तिचा नवरा रूपेश याने गेल्या महिन्यात डोक्यात घाव घालून मारले. तो कोठडीत आहे. पाहणारी एकच, रूपेशची आई चिमाबाई. तिनेच पोलिसांना मुलाचे नाव सांगितले.

काल दुपारी रूपेशला फाशी द्या म्हणून गावात मोर्चा निघाला. मी पुढेच होते. मोर्चा चिमाबाईच्या दारात नेणार, हे मला कोणी सांगितले नव्हते. लोकांनी तिच्या वळणीवरचा रूपेशचा सदरा ओढून पेंढ्याच्या पुतळ्याला घातला आणि पुतळा तिच्याच आंब्याला टांगला. बंदोबस्ताचे पोलीस चहा पीत होते. हे वाक्य हवालदार जबाबात घेत नव्हते. मी घ्यायला लावले.

चिमाबाई बाहेर आली. म्हणाली, "विहीणबाई, खरं बोलले त्याचं ह्ये फळ काय? आता कोर्टात तोंड उघडायची नाय मी. माज्याच जिभेनं त्याला लटकवू?"

मी तिच्याकडे विळा मागितला. तिने आणून दिला.

मोर्चाचा पुढारी देवराम आडवा आला. "सिस्टर, भाची तुमची मेली ना? मंग तुमी त्याच्या बाजूच्या कशा?"

"माझी मेली म्हणूनच मला साक्ष हवी आहे. तुला तमाशा हवा असेल तर जत्रेपर्यंत थांब."

मी दोर कापला. विळा अंगावर उगारला, ही देवरामची तक्रार खोटी आहे. विळा दोराला लावला होता. दोराजवळ उभे राहायला त्याला कोणी बोलावले नव्हते.

सदरा मी चिमाबाईला दिला. तिला सांगितले, शिक्षा न्यायाधीश ठरवतील, ते माझ्या हाती नाही. पण मला विचारले तर मी फाशी मागणार नाही. जन्मभर तुरुंगात राहू दे. ती सदऱ्यातला पेंढा वेचत बसली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "तारखेला यस्टीनं संगतीच जाऊ."

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात दोर कापला" असे लिहिले होते, ते खोडायला लावले. राग मोर्चात गेले तेव्हा होता. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही