हळू बोला, नाईटवाले झोपलेत

बंद केलात? नाही, खरंच बंद केलात माईक? अहो अंकुशभाऊ, मी अजून 'नमस्कार'सुद्धा पुरता म्हटला नव्हता, 'नम' तेवढं बाहेर आलं, 'स्कार' बंद माईकमध्ये गेला... काय म्हणता? "बोला वहिनी, बिनधास्त बोला, फक्त हळू बोला, नाईटवाले झोपलेत." बरं. म्हणजे आठ मार्च, महिला दिन, कॉलनीचा हॉल, समोर साठ बायका, स्टेजवर पाच खुर्च्या, त्यातल्या तीन पुरुषांच्या, आणि बाईनं भाषण करायचं कसं, तर कुजबुजत. ठीक आहे. मागच्या बायांनो, पुढे सरका, मी काही ओरडणार नाही... न ओरडायची सवय आहे मला, अकरा वर्षांची सवय आहे.

तर मी रूपल, बी विंग, दुसरा मजला, माहेर सफाळ्याचं. आणि हा विषय मी घेतलेला नाही हं, आधीच सांगते. झालं काय, की आपल्या मंडळाच्या अध्यक्ष जमनाताई मला जिन्यात भेटल्या, आणि मी बोलता बोलता बोलून गेले की ताई, गेलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. लगेच ताई, "अगं मग त्याच्यावरच बोल की! पाच मिनिटं, हसत खेळत, आणि शेवटी थोडा स्त्रीवाद घाल." थोडा स्त्रीवाद... भाजीवर कोथिंबीर घालतात तसा. म्हटलं, ताई, स्त्रीवाद म्हणजे नक्की काय घालू? तर म्हणाल्या, "ते तू बघ, पण कोणाला लागेल असं नको." आता ज्याला लागायचं तो बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर पंखा पाचवर करून घोरतोय, त्याला काय लागणार आहे?

हसा, पण हळू हसा. नाईटवाले झोपलेत.

ताईंना वाटलं, दिशाच्या पप्पांना बढती मिळाली म्हणून वर्ष सुखाचं. मिळाली बढती, नाही म्हणत नाही. बढती मिळाली आणि कंपनीनं त्यांना वर्षभरासाठी गुजरातला नव्या प्लांटवर पाठवलं. गेल्या फेब्रुवारीत गेले, ह्या फेब्रुवारीत परत आले, मधे महिन्यातून एक रविवार. आता सुख कुठनं आलं, ते तुमचं तुम्ही जोडा.

नाही नाही, गैरसमज नको. माणूस चांगला आहे. दारू नाही, हात उगारणं नाही, पगार घरात, पोरीवर जीव. आणि तिथंच तर माझी पंचाईत आहे हो! वाईट असता तर सोपं होतं, वाईट नवऱ्याबद्दल बोललं की चार बाया मान डोलावतात. चांगल्या नवऱ्याबद्दल काय बोलायचं? "रूपल, तुझं नशीब चांगलं," म्हणतात आणि पुढे जातात, आणि मी आपली माझं नशीब हातात धरून जिन्यात उभी.

आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळ्या बोईसरच्याच, एमआयडीसीच्याच. आठवडाभर फर्स्ट, आठवडाभर सेकंड, आठवडाभर नाईट. पण ही शिफ्ट एकट्या नवऱ्याची असते का? घर जातं हो शिफ्टला. फर्स्ट असली की आपण चारला उठायचं, सेकंड असली की रात्री साडेअकराला ताट वाढायचं, आणि नाईट असली की... नाईट असली की दिवसभर श्वास घ्यायचा तोही नाकानं आणि हळू. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, वत्सलाबाईंनी, त्या बघा दुसऱ्या रांगेत बसल्यात, हो, त्याच, खाली बघतायत त्या... त्यांनी मला पहिल्या आठवड्यात काय शिकवलं असेल? स्वयंपाक? छे. वाजू न देणं शिकवलं. ताट ठेवायचं ते खाली फडकं टाकून. बेलवर रुमाल गुंडाळायचा. भाजीवाल्यानं आरोळी मारायच्या आत आपणच पळत खाली गेटवर जायचं. आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, कारण कुकरला शिट्टी असते. माझ्या लग्नात आलेला कुकर आहे घरात, दहा वर्षं त्याची शिट्टी कोरी करकरीत होती. दिशा झाली, रात्रंदिवस रडायची, तर सासूबाई ओल्या बाळंतिणीच्या मांडीवरून पोर उचलून गच्चीवर घेऊन जायच्या, भर उन्हात, पदर धरून. का? "शू... शैलेश झोपलाय."

दिशाच्या पप्पांच्या आधी सासऱ्यांची शिफ्ट. तीस वर्षं. मग मुलाची. म्हणजे बाई एडवणची, समुद्राच्या कडेला वाढलेली, जिथं वाडीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात, ती बाई बेचाळीस वर्षं कुजबुजत जगली. आणि मला विचारतात स्त्रीवाद म्हणजे काय.

तर दिशाचे पप्पा गेले गुजरातला. पहिला आठवडा आम्ही तिघी, आई म्हणजे सासूबाई, मी आणि दिशा, कुजबुजतच होतो, सवयीनं. मग एक दिवस आईंनी कुकर काढला, डाळ-तांदूळ लावले, गॅस पेटवला आणि समोर पाट टाकून बसल्या. पहिली शिट्टी झाली तशा दचकल्या, पदर तोंडाला लावला... आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "आजून एक होऊं दे." पाच शिट्ट्या झाल्या हो, भाताची पेज झाली, आम्ही तिघींनी तीच खाल्ली. पुढच्या आठवड्यात धुणं वाळत घालताना त्या गायला लागल्या. हळदीची गाणी, मोठ्यानं, खणखणीत. मी आत पीठ मळत होते, हात तसेच राहिले. दहा वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं की ही बाई गाते! मी विचारलं, आई, तुम्ही कधी गायलात नाही ते? तर म्हणाल्या, "कवा गाऊ? कोण ना कोण तरी झोपलेला असायचा."

मग मी नोकरी धरली. औषधाच्या कंपनीत, पॅकिंगला. तिथंही शिफ्ट. कायद्यानं बाईला नाईट द्यायची तर तिची लेखी संमती लागते, म्हणून मला फॉर्म दिला, आणि फॉर्म देणारा बाबा म्हणतो, "मॅडम, संमती तुमचीच पाहिजे, पण घरी विचारून या." घरी आले, गुजरातला फोन लावला. तिकडून दिशाचे पप्पा, "नाईट? अगं, घराचं काय? दिशाचं काय? लोक काय म्हणतील?" फोन स्पीकरवर होता. आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी हाय ना. तू जा." संपलं. मी सही केली.

आणि आता ऐका, ह्याच्यासाठी मी उभी आहे, बाकी सगळं सोडा. पहिली नाईट करून मी सकाळी साडेसातला आले, पायात गोळे, डोळ्यांत वाळू, आले तशी पलंगावर पडले. दहाच्या सुमाराला खाली बटाटेवाला ओरडला, "आलूऽऽ, प्याजऽऽ..." मी अर्धवट जागी झाले. उठायला लागले, दहा वर्षांची सवय, पळत खाली जायची. तर बाल्कनीतून आवाज. आईंचा. "ए बाबा, वरडू नको!" तो म्हणतो, "क्या माताजी, आपका लडका तो गुजरात गया ना?" आणि आमच्या आई, हिंदीत, "लडका नय. बहू. बहू का नाईट हाय. बहू सोती हाय. शू."

शू.

पलंगावर पडल्या पडल्या मी रडले, तुम्हाला खोटं कशाला सांगू. माझ्यासाठी आजपर्यंत कोणी शू केलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही. त्या दिवशी बाईनं गाणं बंद ठेवलं, बेलला रुमाल बांधला, दिशाला घेऊन गच्चीवर गेली. त्यांना मी म्हटलं, आई, माझ्यासाठी नका गप्प बसू, तुमचं गाणं आत्ता कुठं सुरू झालंय. तर म्हणाल्या, "तुझी नाईट आठवडाभर. मंग दोन आठवडे मी वरडतंय की." वाटून घेतलं आम्ही. एक आठवडा माझ्या झोपेचा, दोन आठवडे त्यांच्या गाण्याचे. फ्रिजवर नारळाच्या झाडाचं चुंबक आहे, एकच, त्याखाली माझ्या शिफ्टचा तक्ता लागला. माझ्या. एका रविवारी तिघी एडवणला गेलो, किनाऱ्यावर उभ्या राहून घसा बसेपर्यंत ओरडलो, काही कारण नव्हतं, समुद्राला नाईट नसते एवढंच कारण. जमनाताई, हे माझं सुखाचं वर्ष. लिहून घ्या.

तर दिशाचे पप्पा परत आले. पहिल्या दिवशी बॅग ठेवली, पाणी प्यायले, आणि खिशातून स्वतःचा तक्ता काढून फ्रिजवर लावला. माझ्या तक्त्यावर. त्याच चुंबकानं. मुद्दाम नाही हो... तेच तर म्हणते, मुद्दाम असतं तर भांडले असते. त्यांना खाली कागद आहे हे दिसलंच नाही. मग प्रेमानं म्हणाले, "रूपल, आता मी आलोय ना, आता तुला कशाला त्रास? आता तू आराम कर." आराम! ह्या घरात बाईनं नोकरी सोडून आराम करायचा म्हणजे काय करायचं, तर दिवसभर न वाजता राबायचं.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तर त्यांनीच माझं काम सोपं केलं. मोबाईलवर राजीनामा टाईप केला, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, मला फक्त सही करायची, आज रात्री ड्यूटीवर जाताना द्यायचा. हा बघा, हाच कागद, माझ्या हातातला. मघापासून बघताय ना तुम्ही? मागच्या कोऱ्या बाजूला मी भाषणाचे मुद्दे काढलेत, पुढे राजीनामा आहे. "घरगुती कारणास्तव." हे घरगुती कारण म्हणजे कोण हो? मी?

मी देणारच होते. खरं सांगते, काल रात्री कामावर मनात म्हटलं, जाऊ दे, एक वर्ष मिळालं, खूप झालं. आणि आज सकाळी गंमत झाली. आम्ही दोघंही नाईट करून आलो, साडेसातला, एकाच जिन्यात भेटलो. ते गेले पलंगावर. पलंग एक, खोली एक, बाहेरच्या खोलीत टीव्ही, देव, फ्रिज, दिशा. मला चहा हवा होता म्हणून मी ओट्यापाशी उभी, डोळे मिटतायत, आणि माझ्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. स्टीलचं. गरगर गरगर फिरलं. आणि आई धावत आल्या, तोंडावर बोट, "शू... शैलेश झोपलाय."

मला. मला म्हणाल्या त्या.

आणि म्हटल्याबरोबर त्यांनाच कळलं. बोट तसंच ओठांवर. आम्ही दोघी झाकणाकडे बघत उभ्या. त्या वाईट नाहीत हो, बेचाळीस वर्षांचं बोट आहे ते, आपोआप वर जातं. त्यांनी झाकण उचललं, पदरानं पुसलं, मला कपात चहा गाळून दिला. मी चहा प्यायले, साडी बदलली, आणि इकडे आले. तर इकडे अंकुशभाऊ. "फक्त हळू बोला वहिनी."

मग स्त्रीवाद म्हणजे काय? कंपनीत नियम आहे, तुमच्या घरच्यांनी सांगितला असेल, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. नाही आला तर आपणच डबल शिफ्ट करायची. ह्या दुसऱ्या रांगेतल्या बाईला बेचाळीस वर्षं रिलीव्हर आला नाही. बेचाळीस वर्षं डबल. मग एक वर्ष आम्ही दोघी एकमेकींच्या रिलीव्हर झालो. मला पुस्तकातला स्त्रीवाद माहीत नाही, ताई, मी बारावी आहे. मला एवढंच माहीत आहे की बाई दमून झोपली की कोणीतरी बाहेर उभं राहून शू म्हणायला पाहिजे. आणि दर वेळेला ते दुसऱ्या बाईनंच म्हणायला पाहिजे असंही काही नाही... स्टेजवरच्या तीन खुर्च्यांना हे लागलं असेल तर लागू दे.

झाली पाच मिनिटं? झाली. काय म्हणता ताई? भाषणाचा कागद मंडळाच्या फाईलला लावायचा असतो? दरवर्षीचा रिवाज आहे? घ्या की. हा घ्या. पंच करा, दोन्ही भोकं नीट पाडा, पक्का बसू दे फाईलमध्ये. नाही, मला परत नको. सही नाही त्याच्यावर, काही बिघडत नाही.

आता एकच विनंती. हॉल चार वाजेपर्यंत आपल्या नावावर आहे ना? मग हे आभार-बिभार उरका, चहा बाहेर घ्या, आणि मला ती कोपऱ्यातली सतरंजी द्या. आज परत माझी नाईट आहे, आणि घरी पलंग भरलेला आहे.

आई, निघालात? ...हां. दोनला उठतील ते, भाकरी टाकायची असेल. जा तुम्ही, मी येते चारला... काय? दारातून काय सांगतायत त्या खुर्च्या उचलणाऱ्यांना? जरा गप्प बसा, ऐकू द्या.

"खुर्च्या घसटू नका. सून नाईटची हाय माझी."

ऐकलंत ना अंकुशभाऊ? लाईट तेवढा बंद करा. आणि हळू बोला.