एकविसावं पान

चहा निवला तर निवू दे, आधी माझं ऐका.

मी गुजरीत सराफांच्या ओळीत बसून गळ्यातले साज गाठवून देते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुना दोरा कापायच्या आधी गिऱ्हाइकासमोर साजातली सोन्याची एकवीस पानं मोजायची, हा आमचा रिवाज. त्या दिवशी एक सूनबाई सासूचा साज घेऊन आली. ती घाईत होती, म्हणून मी न मोजताच कात्री लावली. ओवायला घेते तर पानं वीसच.

चटई झटकली, केर चाळणीनं चाळला, दोऱ्याला लावायचं मेणसुद्धा फोडून बघितलं. एका पानापायी जन्मभर कमावलेलं नाव जाणार होतं. संध्याकाळी सासू-सून दोघी दारात उभ्या.

मी सांगून टाकलं, "आक्का, एक पान कमी हाय. मी मोजून घेतलं न्हाय, चूक माझी."

सून कडाडली, "सोनं हाय त्ये. साऱ्या गुजरीत सांगीन मी." तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती बाहेर गेली.

सासू लगेच माझ्या कानाशी आली. "गप ऱ्हा बाई. त्ये पान मीच कडी वाकवून काढलंय, लेकीला दिलंय. तू हरवलं म्हण की. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय? नाव जाणार म्हणून दिवसभर मी केर चाळत बसले होते.

मी दाराकडं तोंड करून हाळी दिली, "सूनबाई, आत ये गं. सासूबाईंना तुला कायतरी सांगायचंय."