खंडेनवमीचा ठिपका

—न्हाय, त्यो कॅमेरा नको. पावणं, त्याला हात लावू नका, त्यो नुसता दाखवायला ठेवलाय. म्हणजे विकायचा न्हाय असं न्हाय, दुकानात ठेवलाय म्हणजे विकायचाच की — खरं तुम्हाला नको. तुमच्याच भल्याचं सांगतोय. बसा. काका जेवायला घरी गेलाय, आन् जेवल्यावर आडवा झाल्याशिवाय यायचा न्हाय, तवर मालक मीच. संग्राम. पुतण्या. काय म्हणालासा, व्हिडीओ काढायचाय, लेन्स बदलता येणारा पायजे, आन् शिकणाऱ्याला झेपंल असा? कुणी डोक्यात घातलं हे? पोरीनं. व्हय, पोरीला काय जातंय सांगायला.

हे बघा, ह्यो हँडीकॅम घ्या. बटण दाबलं की चालू, बटण दाबलं की बंद, फोकसबिकस त्याचं त्यो बघून घेतोय. आन् त्या डीएसएलआरचं काय हाय — मुळात त्यो फोटोचा कॅमेरा, व्हिडीओ त्याला आत्ता आत्ता फुटलाय, मिसरूड फुटल्यागत. शूटिंग चालू झालं की फोकस आपल्या हातानं फिरवायचा. नवरी एक पाऊल पुढं आली, धूसर. मागं सरकली, धूसर. नवऱ्याची मावशी मधी घुसली की मावशी झकास आन् नवरा-नवरी गायब. बारा मिनटं झाली की आपोआप बंद. आमच्याकडं आहेराची रांग बारा मिनटात संपती व्हय? बारा मिनटात नुसती मामाकडची माणसं होत्यात! तेराव्या मिनटाला ज्याचा फेटा बांधायचा राहिला, त्यो कॅसेटमध्ये दिसला न्हाय की वर्षभर त्या घरात पाय ठेवत न्हाय. आन् आवाज? तुम्ही फोकस फिरवलेली घरघर तेवढी स्वच्छ ऐकू येती. घ्या हँडीकॅम. बांधू?

तरी त्योच? लग्नाचं न्हाय काढायचं? मग काय काढणार पोरगी, दिल्लीची परेड? बरं, माझ्यावर इश्वास न्हाय ना, ह्या हिकडं. ही पांढरी भिंत. आता पडद्यावर बघा. वर, डाव्या कोपऱ्याकडं — दिसला ठिपका? काळा. भिंतीवर न्हाय, भिंत पुसू नका, कॅमेऱ्यात हाय त्यो. कुठंबी धरा, हितं ठिपका. आभाळ काढा, आभाळाला ठिपका. कंपनीचा दोष न्हाय ह्यो, आमच्या गणपतरावांचा. माझा काका ओ. गेल्या खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजायला मांडली — ट्रायपॉड, फ्लॅश, कात्री, लाईटचा स्टँड, सगळ्यास्नी हळदकुंकू. इथवर ठीक हाय. पण ह्या कॅमेऱ्यापाशी आल्यावर काका म्हणतोय, खरं मशीन आत असतंय, नुसतं टरफलाला कुंकू लावून काय उपयोग? लेन्स काढली, आन् करंगळीशेजारच्या बोटानं आतल्या आरशाला कुंकू! मी वरडतोय, काका नको, काका नको. तर म्हणतोय, कॉलेज सोडून आलेल्यानं मला शास्त्र शिकवू नये. झालं. कुंकू उडालं आत, जाऊन बसलं पार सेन्सरवर. आन् आता कुणी विचारलं की काका काय सांगतोय? माल असाच येतोय म्हणून! एकदा तरी म्हणावं की गड्या, माझं चुकलं. न्हाय म्हणायचा. पन्नाशी ओलांडली की त्या लोकांची चुकायची सोय बंद होती.

मला चालतोय की ठिपका. मी शिकलोय त्याच्यासंगं. माणसाला असा उभा करायचा की ठिपका बरोबर कपाळावर येतोय, टिळा लावल्यागत. आमच्या पिक्चरमध्ये सगळी माणसं डावीकडंच उभी हाईत — पिक्चर म्हणजे, असंच, छोटा. काका घरी गेला की काढायचा, सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आत कॅमेरा आणून ठेवायचा. काकाला सांगू नका. एका पोराचं हाय, शिक्षण सोडून घरी येतंय त्याचं. सगळा झालाय, एकच सीन राहिलाय, शेवटचा. पोरगा बापाला सगळं सांगतोय आन् बाप ऐकतोय. बास. सोपा हाय का न्हाय? खरं बाप गावंना! काकाला नाटक हाय म्हणून बिनकॅमेऱ्याचा बसवून बघितला, तर पोराचं वाक्य अर्ध्यात तोडून म्हणतोय, आमच्या वेळी. तालमीतल्या वस्तादाला बसवला, त्यानं दुसऱ्याच वाक्याला उठून हिरोच्या मुस्कटात ठेवून दिली. खरीखुरी! हिरो अजून त्या कानानं कमी ऐकतोय. आमच्या पप्पांना विचारणार होतो. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तवापासनं ते माझ्याशी बोलत न्हाईत, म्हणजे गप बसायची सवय झकास हाय. खरं ते गप बसत्यात, ऐकत न्हाईत. पडद्यावर कळतंय ते. रविवारी शेवटचा बघायचाय प्रयत्न, म्हणून म्हणतोय, तेवढा रविवार जाऊ द्या—

काय? पोरीनं काय सोडलं? बी.एस्सी.? कवा? आन् तुम्ही... तिला ह्यो घ्यायला गारगोटीवरनं आलाय? स्वतः? मारलं न्हाय? चार माणसं आणून बसवली न्हाईत पुढ्यात? आत्याबित्या? न्हाय म्हणजे, मी आपलं विचारतोय. नाव काय तिचं? दीप्ती. बरं हाय.

म्हणून काय झालं! ठिपका हाय म्हटलं ना! काकाला वाटतंय मशीन बाद झालं, पुण्याला पाठवाय लागंल, त्याला काय डोंबल कळतंय, कोरडं कुंकू ते, एक फुंकर मारली की उडून जा—

...

मारायची ऱ्हायली. वेळ मिळाला न्हाय. नऊ म्हैने न्हाय मिळाला! असं काय बघताय? ठिपका गेला असता तर कॅमेरा तिसऱ्या दिवशी विकला गेला असता, मग मी कशावर काढायचं, काकाच्या टकलावर? ओ, ओ, ओ! तोंडानं न्हाय! थुंकी उडती! ठेवा खाली. हिकडं आणा. ह्यो रबरी पंप असतोय त्याला — व्हय, खिशातच असतोय माझ्या, बघताय काय. लेन्स काढायची, उलटा धरायचा, तोंड खाली, म्हणजे पडतंय ते बाहेर पडतंय. असं. आन् असं.

बघा भिंत.

ऱ्हाऊ द्या, मला बघायची न्हाय. बॅटरी ही. चार्जर ह्यो. कार्ड माझं हाय, ते काढून घेतो, तुम्हाला नवीन देतो. तिला सांगा, सुरुवातीलाच झूम करत सुटू नको, ट्रायपॉडवर लाव आन् माणसं चालू देत. आन् खंडेनवमीला कुलपात ठेवा, घरात तुमच्यापेक्षा थोरलं कुणी असंल तर.

आन् ऐका. रविवारी सकाळी शिवाजी पेठेत यायचं, तिला आन् कॅमेऱ्याला घेऊन. तालमीच्या मागं. शिकवतो म्हणून न्हाय, माझा सीन राहिलाय म्हणून. तुम्ही पण यायचं, सोडायला म्हणून न्हाय — तुम्हाला काम हाय. बोलायचं काय न्हाय. इतका वेळ बसलाय तसंच बसायचं.

उठा आता, गारगोटीची गाडी लागली असंल. आन् टोपी हीच घालून या.